लाखोटा फोडण्याआधी वाट अडवायची: देवगिरी ते राक्षसभुवन

ताई, अंबाजोगाईहून तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्लंडात गुप्तलिपी फोडून एका राणीचं डोकं उडवलं गेलं, तसं आपल्याकडे, विशेषतः मराठवाड्यात, काही घडलं का? की आपली हेरगिरी म्हणजे बहिर्जी नाईक आणि त्यांची वेषांतरं एवढीच? आणि अकरावी-बारावीच्या मुलांना यावर प्रकल्प द्यायचा तर सुरुवात कुठून करायची?

मोडी कागद वाचणं आणि वाचायला शिकवणं हा माझा उद्योग आहे, फारसी कामापुरती येते. त्यावरून जे मत झालंय ते आधीच सांगतो. आपल्या भागात गाद्या हलल्या त्या लिपी फोडल्यामुळे हलल्या नाहीत. बातमीची वाट कुणाच्या हातात आहे, ती कोण अडवतो, कोण उशिरा पोचवतो आणि कोण खोटी सोडतो, यावर त्या हलल्या. सांकेतिक लिपी होती, वापरलीही जात होती, पण तिचं काम दुय्यम होतं. आणि खरं सांगायचं तर तुम्ही दिलेलं इंग्लंडचं उदाहरणही नीट पाहिलं तर हेच सांगतं.

स्कॉटलंडची मेरी १५६८पासून इंग्लंडात, म्हणजे आपल्याच नात्यातल्या एलिझाबेथ राणीच्या कैदेत होती. १५८६ साली अँथनी बॅबिंग्टन नावाच्या तरुण सरदाराने एलिझाबेथला मारून मेरीला गादीवर बसवायचा कट केला. मेरीच्या चिठ्ठ्या बियरच्या पिंपात दडवून आत-बाहेर जात. अक्षरागणिक एक चिन्ह आणि नेहमीच्या शब्दांना वेगळी चिन्हं, अशी ती लिपी होती. मेरीला वाटलं वाटही सुरक्षित, लिपीही सुरक्षित. प्रत्यक्षात ती पिंपाची वाट एलिझाबेथचा मंत्री वॉल्सिंगहॅम यानेच गिल्बर्ट गिफर्ड या दुहेरी हेराकरवी तिला उघडून दिली होती. त्याचा लिपीतज्ज्ञ थॉमस फेलिप्स याने पत्र फोडलं, आणि नंतर मेरीच्याच लिपीत खाली एक जादा मजकूर घुसडून कटातल्या सहा जणांची नावं विचारली. ८ फेब्रुवारी १५८७ला मेरीचा शिरच्छेद झाला. फेलिप्सची हुशारी मोठीच, पण माझ्या मते निम्मं काम पिंपापाशीच झालं होतं. जिला आपली वाट सुरक्षित वाटते ती मोकळेपणाने लिहिते. मेरीने फ्रेंच वकिलाला लिहिलेली पन्नासहून जास्त सांकेतिक पत्रं पॅरिसच्या ग्रंथालयात पडून होती. ती २०२३ साली तिघा अभ्यासकांनी संगणकाच्या मदतीने उलगडली. तिची लिपी अगदीच पोरकट नव्हती, हे त्यावरून कळतं.

आता आपल्याकडे येऊ. पहिली गोष्ट देवगिरीची, आणि मला विचाराल तर हीच सगळ्यांत बोलकी.

१२९६ साल. अल्लाउद्दीन खलजी तेव्हा सुलतान नव्हता. गंगेकाठच्या कडा प्रांताचा सुभेदार, दिल्लीच्या जलालुद्दीन सुलतानाचा पुतण्या आणि जावई. त्याआधी भिलशावर स्वारी केली तेव्हा दक्षिणेत यादवांकडे किती संपत्ती आहे याची खबर त्याला लागली होती. काकाला त्याने सांगितलं की चंदेरीच्या बाजूला जातो. कड्याला अला-उल-मुल्क या विश्वासू माणसाला मागे ठेवलं. त्याचं काम एकच होतं, दिल्लीला बातम्या पाठवत राहायच्या, पण अशा की त्यातून काही कळू नये. वाटेतल्या राजांसाठी वेगळी वार्ता सोडली: काकाशी बिनसलंय, राजमहेंद्रीच्या राजाकडे चाकरी मागायला निघालोय. एलिचपुरावरून तो खाली उतरला आणि देवगिरीसमोर उभा राहिला, तेव्हा रामचंद्रदेव यादवाची मुख्य फौज युवराजाबरोबर बाहेर गेलेली होती.

राजा गडावर चढला. देवगिरीचा गड तुम्ही पाहिलाय, तो लढून घेणं सोपं नाही. अल्लाउद्दीनने शहर लुटलं आणि तिसरी वार्ता सोडली: मी नुसता पुढची तुकडी आहे, मागून सुलतानाचे वीस हजार स्वार येताहेत. फिरिश्ता हा फारसी इतिहासकार लिहितो की गडावर घाईने चढवलेली पोती धान्याची म्हणून ठेवली होती, उघडली तर निघालं मीठ. राजाने तहाची बोलणी लावली. तेवढ्यात युवराज परत आला, लढाई झाली, आणि ती अल्लाउद्दीनच्या हातून जायच्या बेतात होती. गडाच्या वेढ्यावर ठेवलेला नुसरतखान आपले हजारभर स्वार घेऊन हुकमाची वाट न पाहता धावला. धुरळा उठला. यादवांच्या लोकांना वाटलं, दिल्लीची ती वीस हजारांची फौज आली, आणि फळी फुटली. सोडलेली खोटी बातमी ऐन लढाईत वटली ती अशी.

इकडे दिल्लीच्या काकाला कुणकुण लागली होती. तो ग्वाल्हेरच्या बाजूला असताना अहमद चप नावाच्या अमिराने सांगितलं की पुतण्याला वाटेतच अडवा, लुटीसकट कड्याला पोचू देऊ नका. सुलतानाने ऐकलं नाही. दरबारात अल्लाउद्दीनचा भाऊ अलमास बेग बसलेला होता. त्याने काकाच्या मनात भरवलं की पोरगा भीतीने गारठलाय, जिवाचं बरंवाईट करायला विष जवळ बाळगून आहे, तुम्ही स्वतः जाऊन धीर द्या. काका मोजक्या माणसांनिशी नावेतून गेला आणि जुलै १२९६मध्ये नदीकाठी मारला गेला. देवगिरीचं सोनं उधळत अल्लाउद्दीन दिल्लीला पोचला. एका गादीचा निकाल लागला, दुसरी मांडलिक झाली, आणि यात लिपी फोडायला कुणी बसलं नव्हतं. गादीवर आल्यावर त्याने बरीद आणि मुनही, म्हणजे उघडे आणि छुपे बातमीदार, असे काही पेरले की बरनी या सुलतानशाहीच्या इतिहासकाराच्या सांगण्याप्रमाणे अमीर राजवाड्यात तोंडाने बोलायचे टाळून खुणांनी बोलू लागले. ज्याने बातमी अडवून गादी मिळवली, त्याला दुसऱ्यावर भरवसा ठेवता येत नाही.

तुघलकाच्या दौलताबादेबद्दल लिहीत बसत नाही, फक्त डाकेचं सांगतो. इब्न बतुता लिहितो की पायी डाकेला मैलाच्या एक तृतीयांश अंतरावर ठाणं असे. हरकारा एका हातात पत्र आणि दुसऱ्या हातात तांब्याची घुंगरं बांधलेली काठी घेऊन पळे, आणि घुंगरांचा आवाज ऐकून पुढचा तयार राही. सिंधहून दिल्लीला पन्नास दिवसांची वाट, पण बातमी पाच दिवसांत. ज्याच्या हातात ही डाक, त्याला बाकीच्या सरदारांपेक्षा दीड महिना आधी कळतं. या फरकाचं मोल किती, हे पुढच्या गोष्टीत दिसेल.

सप्टेंबर १६५७मध्ये शाहजहान दिल्लीत आजारी पडला. औरंगजेब दख्खनचा सुभेदार, त्याचं ठाणं औरंगाबाद. तेव्हा तो विजापूरकरांशी लढत होता. बिदर आणि कल्याणी त्याने नुकतेच घेतले होते. थोरला दारा बापाजवळ. दाराने काय केलं? फौज पाठवण्याआधी घाट, उतार, नावा यांवर पहारे बसवले, भावांच्या दरबारातल्या वकिलांना पत्रं लिहायची बंदी केली, औरंगजेबाचा वकील ईसा बेग याला कैदेत टाकून त्याची मालमत्ता जप्त केली. यातून दारावरच उलटलं. बातमी थांबली की माणसं वाईटात वाईट धरून चालतात. तिन्ही धाकट्या भावांनी धरून चालले की बाप गेला आणि दारा लपवतोय. बहीण रोशनआरा जनानखान्यातून औरंगजेबाला आतल्या खबरा पुरवत होती ते वेगळंच.

तुम्हाला हवी असलेली सांकेतिक लिपी इथे भेटते. औरंगजेब दख्खनेत, धाकटा भाऊ मुराद गुजरातेत. दोघांनी आपापसांत हरकाऱ्यांची डाक बसवली, आणि गुप्त मजकुरासाठी औरंगजेबाने एक सांकेतिक वर्णमाला तयार करून तिची किल्ली मुरादला पाठवली. पंजाब, काश्मीर, सिंध, अफगाणिस्तान तुझं, असा वाटणीचा करार याच पत्रव्यवहारातून ठरला. दाराच्या हाती ही पत्रं लागून फोडली गेली असती तर काय झालं असतं, यावर मुलांना वाद घालू द्या. माझं लक्ष दुसऱ्याच पत्राकडे जातं. त्याच दिवसांत अहमदाबादेत मुरादचा दिवाण अली नकी याच्या वैऱ्यांनी त्याच्या हस्ताक्षराची नक्कल करून, त्याचा शिक्का उठवून, तो दाराला सामील असल्याचं पत्र बनवलं आणि मुरादच्या चौकी-पहाऱ्यांना सापडेल असं पाठवलं. पत्र सापडलं. मुरादने विचारपूस फारशी न करता दिवाणाला स्वतःच्या हाताने भाल्याने मारलं. सापडलेलं पत्र माणसाला खरंच वाटतं, कारण ते आपण पकडलेलं असतं. ही युक्ती औरंगजेबाने पुढे स्वतः वापरली, तिच्याकडे येतोच.

त्याआधी मीर जुमल्याचं नाटक. हा मोठा सरदार, उत्तम तोफखाना बाळगणारा, परांड्याचा किल्ला ताब्यात घ्यायच्या कामगिरीवर होता. दाराने बादशाही हुकूम काढून त्याला उत्तरेत परत बोलावलं. जावं तर तोफखाना जातो; न जावं तर बायकामुलं आग्र्याला दाराच्या ताब्यात. जानेवारी १६५८मध्ये औरंगजेबाने त्याला औरंगाबादेत अटक केली आणि दौलताबादेच्या किल्ल्यात ठेवलं. जगाला दिसलं की सरदार बादशहाशी इमानी आणि शहजादा बंडखोर. आत दोघांचं संगनमत होतं. मीर जुमला किल्ल्यात, त्याचा तोफखाना औरंगजेबाच्या दिमतीला, आणि आग्र्यातलं कुटुंब वाचलं. दौलताबाद पाहायला मुलांना न्याल तेव्हा चांद मिनार आणि मेंढा तोफ दाखवाच, पण हा राजीखुशीचा कैदीही सांगा. फेब्रुवारीत औरंगजेब औरंगाबादेहून निघाला, एप्रिलमध्ये धर्मत, मे अखेर सामूगढ, आणि दारा संपला. आग्र्यात बापाने दाराला स्वतःच्या हाताने लिहिलेलं पत्र नेणारा गुलामही वाटेत पकडला गेला, आणि बापाला भेटायला निघालेला औरंगजेब तिथूनच परतला. ते पत्र साध्या फारसीत होतं. फोडायला काही नव्हतंच.

आता ती युक्ती. जानेवारी १६८१. औरंगजेबाचाच मुलगा अकबर राजपुतांना मिळून बंड करून उठला आणि अजमेरजवळ बापासमोर आला. बापाजवळ त्या वेळी फौज थोडी. त्याने मुलाच्या नावे पत्र लिहिलं: शाबास, ठरल्याप्रमाणे राजपुतांना बरोबर माझ्या पुढ्यात आणलंस, उद्या दोन्हीकडून कापू. पत्र राजपुतांच्या छावणीत सापडेल अशी तजवीज केली. दुर्गादास राठोड मध्यरात्री अकबराच्या डेऱ्यावर खुलासा मागायला गेला, तर शहजादा झोपलाय म्हणून कुणी उठवेना. अकबराचा उजवा हात तहव्वुरखान, त्याच्याकडे गेला, तर तो बादशहाच्या छावणीत निघून गेलेला. पत्र खरं ठरलं. पहाटे अकबर उठला तेव्हा भोवती काही शेकडा माणसंच उरली होती.

पत्राचा डाव बादशहाच्या पदरात पडला, पण किंमत आपल्या भागाने मोजली. दुर्गादासाला खरं कळलं तेव्हा त्यानेच अकबराला दक्षिणेत संभाजी महाराजांच्या आश्रयाला आणलं. बंडखोर मुलगा आणि मराठे एकत्र, हे औरंगजेबाला परवडणारं नव्हतं. तो स्वतः निघाला, मार्च १६८२मध्ये औरंगाबादेत पोचला, आणि पुन्हा कधी उत्तरेत गेला नाही. १७०७ला नगरजवळ मेला, खुलताबादेत पुरला. अकबराशी पत्रव्यवहार सापडला म्हणून त्याची मुलगी झेबुन्निसा सलीमगडाच्या कैदेत गेली, तिचंही आयुष्य तिथेच गेलं.

बहिर्जींविषयी थोडंच लिहितो, कारण त्यांच्या नावावर खपणाऱ्या बहुतेक वेषांतराच्या गोष्टी लोकपरंपरेतल्या आहेत. गोष्ट म्हणून सांगा, पुरावा म्हणून नको. पुराव्याचं हवं असेल तर ते मराठवाड्यातलंच आहे. १६७९च्या अखेरीस शिवाजी महाराजांनी जालना मारलं. लूट घेऊन परतताना मोगल फौजा आडव्या आल्या, संगमनेरच्या बाजूला लढाई झाली, सिधोजी निंबाळकर पडले. त्या कचाट्यातून बहिर्जींनी आडवाटेने, रात्रंदिवस चालवून, महाराजांना पट्टागडावर सुखरूप नेलं, असं सभासदाने आपल्या बखरीत लिहिलंय. पट्टागड विश्रामगड झाला तो तेव्हा. हेराचं खरं काम यात दिसतं. कोणत्या वाटेवर शत्रू नाही हे त्याला ठाऊक असतं.

पालखेड मात्र सविस्तर शिकवण्यासारखं. वैजापूर तालुक्यातलं पालखेड, निफाडजवळचं धरणाचं नव्हे; मुलं दरवर्षी गल्लत करतात. इथे गादीचा वाद होता साताऱ्याचे शाहू आणि कोल्हापूरचे संभाजी या चुलतभावांचा. निजामाने कोल्हापूरकरांना जवळ केलं आणि खरा छत्रपती कोण याचा निवाडा होईपर्यंत चौथाई रोखली. पाऊस संपताच बाजीराव निघाला. जालना, सिंदखेड लुटत पूर्वेला गेला, तिथून वळून खानदेशात, आणि बऱ्हाणपूर जाळणार अशी आवई उठवली. निजाम बऱ्हाणपूर वाचवायला धावला तोवर बाजीराव गुजरातेत. फसलो हे कळल्यावर निजामाने पुण्याचा रोख धरला, पुणं घेतलं, संभाजींना तिथे बसवलं. बाजीराव पुणं वाचवायला आला नाही. तो औरंगाबादेच्या रोखाने आला, म्हणून निजामालाच मागे फिरावं लागलं. जड तोफा मागे ठेवून त्याने गोदावरी ओलांडली आणि फेब्रुवारी १७२८च्या अखेरीस पालखेडच्या माळावर मराठ्यांनी त्याचं पाणी तोडलं, दाणा तोडला आणि बातमीही तोडली. मार्चच्या सुरुवातीला मुंगी-शेवगावचा तह झाला, निजामाने शाहूंनाच मान्यता दिली. या सगळ्या मोहिमेत बाजीरावाला निजाम कुठे आहे ते कळत होतं आणि निजामाला बाजीराव कुठे होता ते कळत होतं. या दोन वाक्यांतला काळाचा फरक मुलांच्या लक्षात आला तरी प्रकल्प झाला म्हणा.

आता माझं आवडतं पत्र, आणि यात तुम्हाला हवी तशी सांकेतिक भाषा आहे. जानेवारी १७६१. नानासाहेब पेशवे पानिपताकडे कुमक घेऊन निघालेले. त्याआधी महिनाभरच, डिसेंबरात, पैठणला एका सावकाराच्या मुलीशी त्यांचं लग्न झालं होतं. त्यावर इतिहासकारांनी त्यांना भरपूर झोडपलंय, ते असो. नर्मदेच्या बाजूला त्यांच्या लष्करापाशी एक काशीद, म्हणजे टपाल नेणारा जासूद, पकडला गेला. तो सरकारी नव्हता, सावकारांचा होता. पानिपताहून औरंगाबादेला नवव्या दिवशी पोचायच्या बोलीवर धावत होता. लाखोटा, म्हणजे मोहरबंद पत्र, फोडला. आत मजकूर असा की दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा गेल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही.

दोन मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब. मोहरा म्हणजे नामांकित सरदार. खुर्दा म्हणजे बाकीचे. हे वाचायला किल्ली लागली नाही. वाचणारा बाप होता आणि त्याला उत्तर ठाऊक असण्याची भीतीच वाटत होती. पण मी याकडे धंद्याच्या नजरेने पाहतो. एक तर औरंगाबादेच्या पेढ्यांची डाक पेशव्याच्या डाकेच्या पुढे धावत होती, कारण हुंडीचा भाव बातमीवर चढतो-उतरतो आणि एक दिवस उशीर म्हणजे लाखांचा फटका. दुसरं म्हणजे ही भाषा लपल्यासारखी दिसतच नाही. चिन्हांनी भरलेला कागद पकडला तर पकडणारा म्हणतो, काहीतरी आहे. सावकाराच्या पत्रात मोती, मोहरा, खुर्दा असले तर त्यात काय विशेष? नानासाहेब त्याच वर्षी जूनमध्ये पर्वतीवर वारले. वारस गेलेला, भाऊ गेलेला, आणि सोळा वर्षांचा माधवराव व त्याचा काका राघोबा यांच्यात पुढचा झगडा सुरू झाला.

त्या झगड्याचा एक निकाल बीड जिल्ह्यात लागला. १७६३ला निजामअलीने पुणं जाळलं होतं. नागपूरचे जानोजी भोसले त्याच्या बाजूला, कारण निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर याने त्यांना साताऱ्याच्या कारभाराचं गाजर दाखवलेलं. पेशव्याच्या माणसांनी आतून जानोजींशी संधान बांधलं आणि बत्तीस लाखांच्या जहागिरीवर त्यांना फोडलं. गोदावरीला ऑगस्टचा पूर. निजाम अर्धी फौज घेऊन पलीकडे उतरला, विठ्ठल सुंदर अलीकडे राहिला, आणि जानोजी काहीतरी निमित्त काढून बाजूला झाले. १० ऑगस्टला गेवराई तालुक्यातल्या राक्षसभुवनला विठ्ठल सुंदर मारला गेला. नदी उतरली कधी आणि मागे कोण राहिलंय, हे पेशव्याला नेमकं ठाऊक होतं. जहागीर मात्र पेशव्यांनी पुढे बरीचशी परत काढून घेतली. फितुराचा भाव काम झाल्यावर उतरतोच.

मग आपल्याकडे सांकेतिक लेखनाची परंपराच नव्हती का? होती, आणि चांगली होती. अंकपल्लवी घ्या. वर्णमालेचे आठ वर्ग: अ, क, च, ट, त, प, य, श. पहिला आकडा वर्गाचा, दुसरा वर्गातल्या अक्षराचा, तिसरा स्वराचा. ‘बीड’ लिहायचं तर ‘ब’ हा सहाव्या वर्गातला तिसरा, स्वर ‘ई’ चौथा. ‘ड’ चौथ्या वर्गातला तिसरा, स्वर ‘अ’ पहिला. झालं ६३४ ४३१. हेच आकड्यांऐवजी हाताच्या खुणांनी केलं की करपल्लवी: नागाची फणा दाखवली की अ-वर्ग, कमळ दाखवलं की क-वर्ग. वर्गात मुलांना पंधरा मिनिटांत येतं. यातला दोष असा की पद्धत ठाऊक असेल त्याला किल्लीची गरजच नाही. वर्गांचा क्रम आपसांत बदलून घेतला तर जरा बरं.

महानुभावांच्या सकळ, सुंदरी वगैरे लिप्या याहून पुढच्या. त्यांचा राजकारणाशी संबंध नाही, ग्रंथ पंथाबाहेर जाऊ नयेत म्हणून त्या होत्या. पण पद्धत तीच, एका अक्षराजागी दुसरं. इतक्या शतकांनी इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी सकळ लिपीचा उलगडा केला. अशी लिपी फोडायची रीत नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीने लिहून ठेवली होती. जे चिन्ह सगळ्यांत जास्त वेळा येतं ते भाषेतलं सगळ्यांत जास्त येणारं अक्षर. मराठीत काना, ‘त’, ‘र’, ‘य’, ‘ल’ ही मंडळी कुठेही दडवली तरी डोकं वर काढतात. त्यातून आपल्या कारकुनांची सवय अशी की प्रत्येक पत्र ‘राजमान्य राजश्री’ने सुरू व्हावं, ‘विनंती उपरी’वर यावं आणि ‘बहुत काय लिहिणे’ने संपावं. असा साचा असला की फोडणाऱ्याला पहिली ओळ फुकट मिळाली. म्हणून शहाणे लोक नाजूक मजकूर लिहीतच नसत. पत्रात ‘बाकी जासूद तोंडी सांगतील’ एवढंच. दोन जासूद जोडीने पाठवायचे, एकाला काही झालं तर दुसरा पोचेल आणि दोघं एकमेकांवर नजरही ठेवतील. काही पत्रांखाली वाचून फाडून टाकावं अशी सूचना असते. ती पत्रं आज रुमालात नीट बांधून ठेवलेली सापडतात, यावरून पाळणाऱ्यांचा अंदाज करा.

आणि मोडी ही गुप्तलिपी नव्हती. हे मला महिन्याला एकदा तरी सांगावं लागतं. ती भरभर लिहायची लिपी होती, आणि निजामाच्या दफ्तरात ती वाचणारे ब्राह्मण आणि कायस्थ कारकून पैशाला पासरी होते.

प्रकल्पाचं म्हणाल तर पालखेड घ्या, वेषांतरं नकोत. औरंगाबाद, जालना, वैजापूर, पैठण या नकाशावरच्या जागा मुलांना ठाऊक आहेत. पेशवे दफ्तरातली त्या काळची छापील निवड पुण्या-मुंबईच्या मोठ्या ग्रंथालयांत मिळते, संभाजीनगरच्या विद्यापीठातही विचारा. प्रत्येक पत्राला दोन तारखा शोधायला लावा, लिहिल्याची आणि पोचल्याची. पोचल्याची नोंद कागदावर ‘पै’ अशी, म्हणजे पैवस्ती म्हणून असते. दोहोंतलं अंतर म्हणजे बातमीचा वेग. ज्या पत्रांवर पैवस्ती नाही ती या कामापुरती बाजूला ठेवा. एका घटनेची बातमी तीन वेगळ्या माणसांकडून आली असेल तर तिन्ही जुळतात का पाहा; तिघांचं एक वाक्य झालं तरच विश्वास ठेवावा, हा कौटिल्याचा नियम आहे आणि मुलांनाही झेपतो.

या कागदांवर वर्ष शुहूर सनात असतं; त्यात ५९९ किंवा ६०० मिळवलं की इसवी सन येतं. तो सन मृगाच्या सुमारास बदलतो, त्यामुळे मे-जूनमधली पत्रं मुलं हमखास एका वर्षाने चुकवतात. पहिला तक्ता तयार झाला की त्या दोन महिन्यांतल्या नोंदी तेवढ्या माझ्याकडे पाठवा, मी तपासून देतो.